विहीणबाईंच्या हाताची घडी

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे, आणि ऱ्हस्व कुठं दीर्घ कुठं हे मला चौथीपर्यंत कळलं नाही, आणि पाचवीला मी गेलेच नाही. हे कुणी वाचणार नाही. तरी माफी मागून ठेवलेली बरी, कारण माझं माहेर कणकुंबीकडचं, रानातलं. तिथं माणूस दिसायच्या आधीच लाजायची सवय असते.

मी लाजाळू आहे. साधी नव्हे, पार कामातून गेलेली. दुकानात साखर मागायला गेले आणि दुकानदारानं "काय पायजे?" म्हणून विचारलं, तर मी बोटानं दाखवते. तो मीठ देतो. मी मीठ घेऊन घरी येते. (आमच्या घरात मीठ कधीच संपलेलं नाही.)

अशा मला देवानं दिलं बेळगावच्या वडगावात, पॉवरलूमच्या घरात. पुढं बैठकीची खोली, मागं चार माग, आणि मागांच्या पलीकडं परसू, म्हणजे मागचं अंगण. दिवसभर खटाखट खटाखट. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, या घरात सगळे मुके आहेत! सासूबाई हातवारे करायच्या, सासरे बोटं नाचवायचे, आमचे हे भुवया उडवायचे. मग कळलं, मागाच्या आवाजात ओरडून घसा फाडण्यापेक्षा इथं सगळे हातानं बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. तळहात खाली दाबला की माग बंद कर. बोट गोल गोल फिरवलं की कांडी भर, म्हणजे धोट्यात घालायची सुताची कांडी. दोन बोटं एकमेकांवर चढवली की गाठ मार.

मला तर सोन्याची खाणच सापडली! तोंड न उघडता बोलायचं! वर्षभरात मी अशी तयार झाले की सासूबाई म्हणायच्या, "सून माझी लई बडबडी." माहेरच्यांचा विश्वास बसला नाही.

आता आमची अश्विनी. आमची एकुलती एक. बी. कॉम. झाली, कॅम्पातल्या एका ऑफिसात लागली. गुणाची, कामाची, दिसायला छान. फक्त एक आहे. मागांच्या घरात वाढल्यामुळं ती सगळं ओरडूनच बोलते. "आई, चहा झाला का?" हे ती स्वयंपाकघरात माझ्या शेजारी उभी राहून म्हणते आणि समोरच्या घरातून उत्तर येतं, "अजून न्हाई!" तिला बघायला दोन ठिकाणची माणसं येऊन गेली. दोघांचाही निरोप एकच. मुलगी चांगली आहे, पण भांडखोर वाटते.

भांडखोर! तिनं त्यांना फक्त "पोहे घ्या" म्हटलं होतं.

तिसरं स्थळ सदलग्याचं आलं. मुलगा प्रवीण, अश्विनीच्या ऑफिसच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कामाला. ही दोघं जिन्यात भेटायची, आणि जिन्यात भेटून भेटून जे व्हायचं ते झालेलं. ती मला म्हणाली (म्हणजे सगळ्या गल्लीला म्हणाली), "आई, प्रवीणला मी पसंत हाय! पण त्याच्या आईनं व्हय म्हटल्याशिवाय तो पुढं जाणार न्हाई!"

म्हणजे सगळं त्या बाईंच्या एका मानेवर होतं. ती मान खाली हलली तर माझी लेक सुखात, आडवी हलली तर पोरगी पुन्हा उशीत तोंड घालून रडणार. (तिचं ते रडणंही लांबपर्यंत ऐकू जातं.)

त्याच आठवड्यात अश्विनीच्या ऑफिसात एक ट्रेनिंग झालं. देहबोली म्हणून. म्हणजे माणूस तोंडानं काय बोलतो ते सोडा, अंगानं काय बोलतो ते बघा. ती घरी येऊन मला शिकवायला लागली.

"आई, हाताची घडी घातली की समजायचं, माणसाचं मन बंद! सारखं दाराकडं बघितलं की त्याला तिथनं जायचंय! पाय हलवला की कंटाळलाय! दिलेलं खाल्लं-प्यालं न्हाई की विषय संपला!"

मला इतकं आवडलं म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा असा विषय मिळाला की ज्यात ऱ्हस्व-दीर्घ नाही. मी दोन दिवस सगळ्या गल्लीची देहबोली वाचली. दूधवाल्याला माझ्यावर राग आहे, शेजारच्या आक्का काहीतरी लपवतायत आणि आमच्या ह्यांना जेवण आवडत नाही, एवढं मला त्या दोन दिवसांत कळलं. ह्यांना तसं विचारलंही.

"दात दुखालाय माझा," हे म्हणाले. "घास फिरवतोय म्हणून तोंड वाकडं."

मी मनात म्हटलं, तोंडानं काहीही म्हणा, अंग खोटं बोलत नाही.

रविवारी पाहुणे यायचे होते. सकाळपासून माग बंद. घरात एवढी शांतता की पाल चुकचुकली तर आम्ही दचकायचो. ह्यांनी सगळ्यांना बजावलं, "आशू, तू हळू बोलायचं. लई हळू. कानात सांगितल्यासारखं. आणि तू," माझ्याकडं वळून, "तू काय बोलू नको. नुसतं हस."

मी कुठं बोलणार होते?

पाहुणे बारापर्यंत येणार म्हणाले होते, दोन वाजून गेले. सदलग्याहून चिक्कोडी, चिक्कोडीहून बेळगाव, त्यात मधेच बस बंद पडून रस्त्याकडेला तासभर. आले ते तिघंच. प्रवीण, त्याची आई आणि आजोबा. वडील ऊसतोडीत अडकलेले. आजोबांना सगळे आप्पा म्हणत होते. आप्पांना ऐकायला फार कमी येत होतं. हे म्हणाले, "या आप्पा, बसा." आप्पा म्हणाले, "व्हय, पाऊस चांगला झाला."

मुलाच्या आई खुर्चीत बसल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात पडद्याआड उभी राहिले आणि देहबोली वाचायला घेतली.

बसताक्षणीच त्यांनी हाताची घडी घातली! घट्ट! मन बंद!

मी पाणी घेऊन गेले. तांब्या बघून त्या अशा मागं सरकल्या जसं काही मी त्यात पाल घालून आणली होती.

"नको, नको. पाणी नको."

"चा तरी घ्या ताई," हे म्हणाले.

"चा तर अजिबात नको!"

एवढं तोडून? आणि मग त्यांनी दाराकडं बघितलं. पुढच्या नव्हे, मागच्या दाराकडं, जिथून मागांच्या खोलीत जातात. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. मी समजले. बाई आमचे माग बघतायत. जुने माग, रंग उडालेली भिंत, छपराला लटकलेलं सुताचं भुसकट. असल्या घरची पोरगी करायची का, असा विचार चाललेला. आणि पाय! उजवा पाय असा हलत होता की माझी शिलाई मशीन आठवावी.

आता सगळं घर गप्प असताना मला ह्यांना हे सांगायचं होतं. तोंडानं कसं सांगणार? मग मी नेहमीसारखी हातानं बोलायला लागले. पाहुण्यांना काय कळतंय, शेतकरी माणसं! मी ह्यांना दिसेन एवढाच पडदा सारला आणि दोन बोटांची कात्री हलवली. धागा तुटायला आलाय.

ह्यांनी भुवया उडवल्या. कशावरून?

मी हाताची घडी दाखवली, नाक मुरडलं, पाय हलवून दाखवला.

ह्यांनी तळहात फिरवला. आणि म्हातारा?

म्हातारा मजेत होता. समोरच्या ताटलीतल्या चकल्या एकेक करत उचलत होता. मी बोट गोल गोल फिरवलं. कांडी भरतोय. आणि दोन्ही हात पोटासमोर लांब धरून दाखवलं, कांडी केवढी मोठी आहे ते. ह्यांना हसू आवरेना. तेवढ्यात मुलाच्या आई म्हणाल्या, "आमच्या सासूबाई गेल्या वर्षी वारल्या." आणि हे खो-खो हसले!

मी पडद्याआड डोक्याला हात लावला. (ती खूण नव्हती, खराच लावला.)

अश्विनी पोहे घेऊन आली. डोळे खाली, पाऊल हळू, आवाज इतका बारीक की ती काय म्हणाली ते मलाही कळलं नाही. आप्पांनी कानाला हात लावला. "काय?" ती पुन्हा कुजबुजली. "काय म्हणालीस?" तिसऱ्यांदा पोरीचा बांध फुटला.

"नमस्कार करते आप्पाऽऽ!" असा शेवट लांबवत तिनं जो आवाज काढला, त्यानं शेजारच्यांचं कुत्रं भुंकलं.

आप्पांचा चेहरा खुलला. "आं! हिचं ऐकू येतंय! प्रवीण, हिचं ऐकू येतंय रं!"

मला वाटलं, चला, एक मत तरी आपल्या बाजूला. पण म्हाताऱ्याच्या मतावर काय आहे? मी मुलाच्या आईंकडं बघितलं. त्या पोह्यांना हात न लावता एकदम उभ्याच राहिल्या. कपाळावर घाम. म्हणाल्या, "प्रवीण, अजून किती वेळ रं? निघूया का आपण?"

संपलं! दाराकडं बघणं, पाय, चहा, पाणी, घडी, सगळ्यांची बेरीज झाली. अश्विनीनं हातातली ताटली खाली ठेवली. मी ह्यांच्याकडं बघून दोन बोटांची कात्री केली आणि कचकन मिटली. तुटला.

आता आमच्या ह्यांचा स्वभाव सांगायला पाहिजे. माणूस देवासारखा, पण मानी. कुणी आपल्या पोरीला नको म्हणतंय असं दिसलं की डोकंच चालत नाही. हे ताडकन उठले.

"ठीक आहे. तुमची इच्छा. मला माझा माल पोचवायचाय." एवढं बोलून हे मागांच्या खोलीत गेले आणि एकामागून एक चारही माग चालू केले!

खटाखट खटाखट खटाखट!

ताटल्या नाचायला लागल्या. प्रवीण तोंड हलवत होता, काय म्हणत होता देव जाणे. अश्विनी रडत ओरडत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज कुणाला ऐकू येत नव्हता. ज्या आवाजाला भिऊन आम्ही सकाळपासून माग बंद ठेवले होते, तो सगळा आवाज ह्यांनी एकदम पाहुण्यांच्या अंगावर सोडला होता. मी पडदा सोडून खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिले. काय करावं ते सुचेना.

तेवढ्यात आप्पा उठले. चकली तोंडात टाकली, हात धोतराला पुसले, आणि मागांच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. माझ्याकडं बघितलं. आणि हात वर करून दोन बोटांची कात्री केली, मान हलवली, मग दोन बोटं एकमेकांवर चढवली.

धागा तुटलेला नाही. गाठ मार.

ही तर आमची मागावरची खूण!

आप्पा हसत होते. त्यांनी लांब पलीकडं बोट दाखवलं, मग मागाकडं, मग स्वतःच्या छातीकडं, मग कानाकडं. (पुढं प्रवीणनं सांगितलं ते असं. म्हातारा तरुणपणी इचलकरंजीला मागावर होता. कान तिथंच गेले. मग सदलग्याला परत येऊन शेती.) मग आप्पांनी माझ्याकडं बघत बोट गोल गोल फिरवलं, दोन्ही हात पोटासमोर माझ्यासारखेच लांब धरले आणि ताटलीकडं बोट केलं.

कांडी मोठी आहे. अजून भरली नाही. चकल्या आण.

म्हणजे त्या म्हाताऱ्यानं पहिल्यापासून सगळं वाचलं होतं! ऐकू येत नाही म्हणून तो माणूस नुसता बघतच बसला होता! मला वाटलं, तशीच परसातून बाहेर पडावं आणि चालत चालत कणकुंबी गाठावी.

पण माझी बाही कुणीतरी ओढली. वळून बघते तर मुलाच्या आई. घामानं निथळलेल्या. माझ्या अगदी जवळ आल्या, इकडं तिकडं बघितलं, हाताची घडी सोडली, आणि पदराआडून हळूच एक बोट वर केलं.

करंगळी.

ती खूण शिकायला मागावर जावं लागत नाही. ती मला पहिलीतच शिकवलेली!

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि सगळी देहबोली उलटी वाचली. घडी का, पाय का, पाणी का नको, चहा तर अजिबात का नको, आणि मागच्या दाराकडं जीव तोडून का बघत होत्या! बाई बस बंद पडली तेव्हापासून तशाच बसून होत्या. आणि मी पडद्याआड उभी राहून त्यांच्या मनाची दारं तपासत होते!

मी त्यांचा हात धरला आणि मागांच्या मधून अशी धावले की काय सांगू. हे एका मागाजवळ पाठ करून, मान ताठ करून उभे. आम्ही दोघी शेजारून पळालो तरी वळले नाहीत. परसात नेलं, संडासाचं दार दाखवलं, पाण्याची बादली भरून दिली आणि बाहेर राखण करत उभी राहिले.

त्या बाहेर आल्या तेव्हा चेहरा असा उजळला होता की ही बाई सुंदर आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आम्ही दोघी हसत हसत मागांच्या खोलीत आलो. त्या मला काहीतरी सांगायला लागल्या. मी कानाला हात लावला. त्या मोठ्यानं बोलल्या. मला ऐकू येईना. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

नेमक्या त्याच वेळी आप्पांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारून तळहात खाली दाबला. बंद कर. मागावरच्या माणसाला ही खूण कुणीही केली तरी हात आपोआप उठतो. ह्यांनी खटकन मेन स्विच पाडला.

आणि त्या शांततेत विहीणबाई सगळं वडगाव ऐकेल अशा आवाजात म्हणाल्या,

"सकाळपासनं दाबून बसलेली हो वैनी! आता पोरगी काय, घरदारपण पसंत हाय!"

प्रवीण छताकडं बघत होता. हे स्विच धरून तसेच उभे होते. मग विहीणबाईंनी तोंडावर पदर घेतला आणि त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. मी घाबरले, रडतात की काय! (देहबोलीचा भरवसा मी एव्हाना सोडला होता.) पण त्या हसत होत्या. मग मी हसले, मग अश्विनी हसली, आणि तिच्या हसण्यानं शेजारचं कुत्रं पुन्हा भुंकलं.

"आधीच का न्हाई सांगितलं ताई?" हे म्हणाले.

"अहो अण्णा, पोरगी बघायला आलेल्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या हेच विचारायचं व्हय? आणि तुमच्या घरात एवढं शांत! टाचणी पडली तर ऐकू यावी. माझी तर जीभच उचलंना. माग चालू झाले तवा बरं वाटलं बघा, कुणाला काय ऐकू येत न्हाई म्हणून धीर आला."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. माझ्यासारखीच एक होती की ही! आवाजात बोलणारी, शांततेत गप्प बसणारी.

मग त्यांनी दोन कप चहा घेतला. पोहे संपवले. अश्विनीला जवळ बसवून म्हणाल्या, "आमच्यात मोठ्यानंच बोलायचं हं बाई. आप्पांशी बोलून बोलून माझा घसा गेलाय. तू आलीस की माझी सुटका." जी खोड दोन स्थळांना चालली नाही, ती इथं हुंड्यापेक्षा मोलाची ठरली. (हुंडा त्यांनी घेतलाही नाही. आप्पांनी फक्त चकल्यांचा डबा मागून घेतला, तोही बोटांनीच.)

संध्याकाळी अश्विनी म्हणाली, "आई, हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं!"

मी म्हटलं, "तुमच्या साहेबांना कळव. पुढच्या वेळी सांगतील."

एवढं होऊन मी शहाणी व्हायला पाहिजे होते. झालेही. मी ठरवून टाकलं की आता कुणाची हाताची घडी दिसली की मन बंद वगैरे काही समजायचं नाही. बिचाऱ्या माणसाची अडचण समजायची आणि लाजून गप्प बसायचं नाही, आपणहून मदत करायची.

साखरपुडा शहापूरच्या एका हॉलमध्ये झाला. गर्दी, सनई, चहाचे कप. मी दारात उभी राहून येणाऱ्या बायकांना हळदीकुंकू लावत होते. तेवढ्यात ज्यांच्याकडून आम्ही सूत घेतो त्या व्यापाऱ्यांच्या मालकीणबाई आल्या. भारी साडी, दागिने, चेहरा गंभीर. कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि हाताची घडी घातली. दाराकडं बघितलं. चहा नको म्हणाल्या.

माझं काळीज तुटलं. मी गर्दीतून वाट काढत त्यांच्याजवळ गेले, प्रेमानं हसले, त्यांच्या डोळ्यांसमोर करंगळी वर केली आणि मागचं दार दाखवलं.

त्यांना काही कळेना. मी पुन्हा करंगळी दाखवली. तरी कळेना. मग मी, जन्मात कुणाशी न बोललेली मी, सनईच्या वर आवाज चढवून म्हणाले, "लाजू नका! जाऊन या! मी बाहेर उभी राहते!"

(त्यांना पंख्याखाली थंडी वाजत होती, आणि त्या नवऱ्याची वाट बघत होत्या.)

सनई थांबलेली मला कळलंच नाही. सगळा हॉल माझ्याकडं बघत होता. समोर स्टेजवर फेटा बांधून उभे असलेले आमचे हे माझ्याकडं डोळे वटारून दोन्ही तळहात खाली दाबत होते. आणि त्यांच्या शेजारी बसलेले आप्पाही.

ती एकच खूण मात्र मी बरोबर वाचली.